दार लावता येईल अशी खोली

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचं सुरुवातीचं काम एवढंच होतं, की संलग्न महाविद्यालयांतल्या मुलांच्या परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. मुलं कुठे राहतात, काय खातात, आजारी पडली तर त्यांच्याकडे कोण बघतं, हे प्रश्न विद्यापीठाच्या वाट्याला आलेच नाहीत. त्याच सुमारास, १८६१ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजनं एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरांना खास विद्यार्थ्यांच्या प्रकृतीकडे लक्ष देण्यासाठी नेमलं. तिथली मुलं कॉलेजच्या आवारातच राहायची. त्यामुळे जगभर विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेची जी कल्पना रुजली, ती वसतिगृहाच्या आवारातली. दवाखाना, समुपदेशन केंद्र, व्यायामशाळा, सगळं खोलीपासून पाच मिनिटांवर.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतला विद्यार्थी या चित्रात कुठेच बसत नाही. तो घरी राहतो, रिक्षा आणि लोकलनं येतो, लेक्चरं संपली की निघून जातो. विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात तो तीन वर्षांत एखाद्या दाखल्यासाठी गेला तर गेला. बाळकुमला आणि कल्याणला विद्यापीठाची उपकेंद्रं आहेत, पण बहुतेकांचं विद्यापीठ म्हणजे त्यांचं कॉलेज: ठाण्यात ज्ञानसाधना, बांदोडकर किंवा जोशी-बेडेकर, कल्याणला बिर्ला किंवा अगरवाल, डोंबिवलीत पेंढरकर, मॉडेल किंवा प्रगती. आणि पुष्कळांचं कॉलेज दादर, माटुंगा, चर्चगेटला.

या मुलांच्या आरोग्याचा विचार करताना मला दोन गोष्टी सगळ्यात आधी मांडाव्याशा वाटतात. त्यांच्याकडे मोकळा वेळ नसतो आणि एकांत नसतो. सेवा आहेत, कायदे आहेत, हेल्पलाइन आहे, न्यायालयाचे आदेशही आहेत. पण या दोन गोष्टी हिशेबात धरल्याशिवाय त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

वेळेपासून सुरुवात करू. अनेक कॉलेजांत पदवीचे वर्ग सकाळी सातच्या आसपास भरतात, कारण त्याच इमारतीत पुढे ज्युनिअर कॉलेज किंवा सेल्फ फायनान्सचे कोर्स चालवायचे असतात. कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. सातचं लेक्चर मुंबईत असेल तर पहाटे चारला उठावं लागतं. ‘रात्री मोबाइल बघत बसता, म्हणून सकाळी डोळे उघडत नाहीत’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. वयात आल्यावर मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा पाझरायला लागतं. टिल रोनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटानं २००४ साली दाखवून दिलं, की माणसाचं झोपेचं घड्याळ विसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत उशिरावर सरकलेलं असतं आणि त्यानंतर ते पुन्हा मागे येऊ लागतं. म्हणजे एफवाय-एसवायच्या मुलाला रात्री साडेअकरापर्यंत झोप न येणं हा बेशिस्तीचा पुरावा नाही. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि पहाटेच्या गाडीला जाणाऱ्याला जेमतेम साडेचार-पाच मिळते. आठवड्याचा हा तुटवडा रविवारी दुपारपर्यंत झोपून भरून निघत नाही. चिडचिड, विसराळूपणा, वाचलेलं डोक्यात न शिरणं, सारखी सर्दी, यांचं मूळ कित्येकदा एवढंच असतं.

आणि ती गाडी. ९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. ही बातमी वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांच्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलांचे आईबाप मोठ्या संख्येनं होते. रोज दीड तास उभ्यानं, घामेजून, छातीशी बॅग धरून प्रवास करणाऱ्या मुलाचं शरीर कॉलेजात पोचतं तेव्हाच थकलेलं असतं. प्रवास हाही आरोग्याचाच विषय आहे, तो केवळ रेल्वेवर सोडून चालणार नाही. वेळापत्रक लावणाऱ्या उपप्राचार्यांनी ‘पहिलं लेक्चर आठला ठेवता येईल का’ एवढा विचार केला तरी शेकडो मुलांच्या झोपेत तासाभराची भर पडेल. माझ्या मते विद्यार्थी-आरोग्याची सर्वांत स्वस्त योजना तीच आहे.

थकव्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नेहमी राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं, की जिना चढताना धाप लागते, डोकं जड राहतं, कशातच उत्साह वाटत नाही. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता असते. थायरॉइडचा त्रास याच वयात सुरू होऊ शकतो. या तिन्हींची लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात. त्यामुळे मूल महिनाभर मरगळलेलं दिसलं तर आधी रक्त तपासून घ्यावं. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयासारख्या पालिकेच्या दवाखान्यापासून सुरुवात करता येते. लोहाच्या गोळ्यांनी भागणारं दुखणं ‘आळस’ म्हणून वर्षभर अंगावर काढलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना बोलणी खावी लागली ती वेगळीच.

आता एकांताकडे. डोंबिवली-कल्याणच्या वन-रूम-किचनमध्ये किंवा वन-बीएचकेत चार-पाच माणसं राहतात. हॉलमध्ये टीव्ही, तिथेच भावाचा अभ्यास, बेडरूममध्ये आजी. मुलीला रडायचं झालं तर बाथरूममध्ये नळ सोडून रडावं लागतं. या शहरांत अभ्यासिका इतक्या का चालतात, महिन्याचे पैसे भरून एक टेबल, एक दिवा आणि शांतता मिळवायला मुलं का रांगा लावतात, हे त्या घरांत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ ची, कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची त्याहून जुनी, १८६४ ची. शांतपणे बसायला जागा देणं हे या गावांनी फार पूर्वीपासून सार्वजनिक काम मानलं आहे. बोलायला जागा मात्र अजून कुणी दिलेली नाही. अभ्यासिकेत बोलता येत नाही आणि गाडीत बोललेलं सगळा डबा ऐकतो. हेल्पलाइनचा नंबर पाठ असला तरी फोन कुठून करायचा, हा त्या मुलीचा खरा प्रश्न असतो.

मदतीची गरज किती मुलांना आहे? अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीच्या आधारे रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं, की आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊण चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे कॉलेजची वर्षं ही आजार प्रथम डोकं वर काढण्याची वर्षं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले आहेत. राजस्थानातल्या कोटा शहरातून येणाऱ्या बातम्यांमुळे आपल्याला वाटतं, हे घरापासून लांब, क्लासच्या होस्टेलवर राहणाऱ्यांचं दुखणं आहे. पण घरी, आईच्या हातचं जेवून कॉलेजला जाणारं मूलही आतून एकटं असू शकतं. घरात सगळे आहेत म्हणून कुणी विचारत नाही, एवढाच काय तो फरक.

परीक्षेच्या आधी पोटात कालवणं, ब्रेकअपनंतर आठवडाभर जेवण न जाणं, हा आजार नव्हे. सीमारेषा ओळखायला डॉक्टर जगभर जी एक साधी प्रश्नावली वापरतात, तिचं नाव पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात: कशात रस वाटेनासा झाला आहे का, मन खिन्न असतं का, झोप कमी किंवा जास्त झाली आहे का, थकवा, भूक, स्वतःबद्दल अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, आणि शेवटी, मरून जावं असे विचार येतात का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली तर तज्ज्ञाला भेटायलाच हवं. नववा प्रश्न ‘हो’ आला तर बेरीज बघत बसायचं नाही. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण ‘मला काहीतरी होतंय’ या धूसर जाणिवेला ती आकार देते आणि डॉक्टरांसमोर बोलायला शब्दही देते.

समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय होतं, याबद्दल मुलांच्या मनात फार गैरसमज आहेत. लेक्चर मिळेल, घरी फोन जाईल, ‘मेंटल’ असा शिक्का बसेल, असं त्यांना वाटतं. समजा, एसवाय बीकॉमची मुलगी आली आहे. दोन केटी लागल्यात, घरी एकच सांगितली आहे. पहिली दहा मिनिटं बहुधा तिला बोलताच येत नाही. मग ती म्हणते, “मॅडम, मी फुकट आहे. बाबा ओव्हरटाइम करून फी भरतात आणि मी ही अशी.” समुपदेशक तिला ‘असं नको बोलू’ म्हणत नाही, धीराची वाक्यंही ऐकवत नाही. ती विचारते, “दोन पेपर राहिले, हे खरं. त्यावरून तू फुकट आहेस, हे कुणी ठरवलं? तुझ्या मैत्रिणीला केटी लागली असती तर तिला तू हेच म्हणाली असतीस?” मुलगी थांबते. “नाही. तिला म्हटलं असतं, ऑक्टोबरला काढू.” “मग तिला एक नियम आणि तुला वेगळा, तो का?”

या चार वाक्यांमागे एक पूर्ण पद्धत आहे. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात मांडलेलं विवेकनिष्ठ मानसोपचाराचं सूत्र असं, की घटना आणि तिचा मनावरचा परिणाम यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते. केटी ही घटना. झोप उडणं, कॉलेज टाळणं हा परिणाम. मधली समजूत अशी, की ‘मी कधीच नापास होता कामा नये, झाले तर माझी किंमत शून्य’. घटना बदलता येत नाही, ही ‘च’ची भाषा मात्र तपासता येते, बदलता येते. मग दुःख राहतं, पण ते काम थांबवत नाही. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांची एक भेट, अशा सहा-आठ भेटी, मधल्या दिवसांत करायच्या छोट्या नोंदी, आणि त्या मुलीच्या बाबतीत एक अवघड गृहपाठ: दुसऱ्या केटीबद्दल आईला सांगायचं. कसं, कधी, कोणत्या शब्दांत, याची आधी त्या खोलीत उजळणी होते.

या सूत्राशी ठाण्याचं जवळचं नातं आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी २३ मार्च १९९० रोजी ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली आणि विवेकनिष्ठ विचार रोजच्या मराठीत आणून हजारो घरांत पोचवला. नौपाड्यातल्या या संस्थेत उपचार, समुपदेशन, पालकांचे आधारगट तर आहेतच, ‘मैत्र’ ही टेलिफोनवरून मदत करणारी सेवाही तिचीच. करिअरकडे माणूस म्हणून कसं पाहावं, हे सांगणारी ‘वेध’ परिषद ठाण्यात सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत गेली. सभागृह भरून मुलं-पालक मनाबद्दल ऐकायला एकत्र बसतात, ही सवय ठाण्याला लागली, ती बरीचशी या कामामुळे. ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात मनाच्या आजारावर उघडपणे बोललेलं ऐकलेला बाप मुलाला डॉक्टरकडे न्यायला तितका कचरत नाही.

त्याच ठाण्यात १९०१ साली स्थापन झालेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यातल्या येरवडा, नागपूर, रत्नागिरी आणि ठाणे अशा चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. ‘ठाण्याला पाठवायला हवं’ ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिनं फार नुकसान केलं. तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो, तज्ज्ञ तपासतात, औषधं मिळतात आणि तपासून बहुतेक जण त्याच दिवशी घरी परततात, हे त्या थट्टेखाली दबून गेलं. मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये होऊ घातलेलं नवं रेल्वे स्थानक या रुग्णालयाच्याच जागेवर येतं आहे. ते झालं, की कल्याण-डोंबिवलीच्या रुग्णाला रिक्षा शोधत फिरावं लागणार नाही. याशिवाय कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. तिथल्या मानसोपचार ओपीडीत इतर कुठल्याही ओपीडीसारखाच केसपेपर काढून जायचं असतं. ज्यांना मनोरुग्णालयाची पाटी बघून पाय मागे घ्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी हा मार्ग सोपा.

औषधांची भीती मोठी असते, म्हणून स्पष्ट लिहितो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांची नशाही होत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. ‘आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच असतात आणि बरं वाटताच परस्पर बंद करणारे त्याहून अधिक. या गोळ्या अचानक थांबवू नयेत, हळूहळू कमी कराव्या लागतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत घरच्यांनी जवळून लक्ष ठेवावं, कारण त्या काळात थोड्यांच्या बाबतीत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसं झालं तर गोळी लपवायची नाही, टाकायची नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

‘घरी कळेल का?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्यानुसार सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि उपचारांची माहिती गुप्त राहणं हाही. अठरा वर्षं पूर्ण झालेला विद्यार्थी स्वतःच्या संमतीनं उपचार घेऊ शकतो. आईवडिलांची सही लागत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र ही गुप्तता बाजूला ठेवावी लागते आणि चांगला समुपदेशक ते पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली, तिथे उपचारांसाठी पालकांना सोबत घ्यावंच लागतं. कॉलेजचा समुपदेशक कायद्याच्या व्याख्येत बसो न बसो, त्याच्या नोंदवहीला कुलूप असणं आणि ती स्टाफरूमच्या टेबलावर न दिसणं, यावर मुलांचा विश्वास ठरतो. एका कॉलेजात समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनला लागून, काचेच्या पार्टिशनचा होता. तिथे वर्षभर फारसं कुणी फिरकलं नाही, यात नवल ते काय.

दुसरी भीती पोलिसांची. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या मुलाला दवाखान्यात नेताना ‘केस होईल’ म्हणून घरचे कचरतात. २०१७ च्याच कायद्यानं असं धरलं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता आणि त्याला शिक्षा नको, काळजी हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम घेतलेलंच नाही. त्यामुळे रुग्णालय गाठायला एक मिनिटही उशीर करू नये.

आता न्यायालयाचा आदेश. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणारी एक मुलगी गेली. तिच्या वडिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला देशभरातल्या सगळ्या शिक्षणसंस्था आणि क्लासेसना बंधनकारक अशी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेनं बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, वसतिगृहात, संकेतस्थळावर ठळक लावायचे. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. क्लासेसनी गुणांवरून बॅचेस पाडायच्या नाहीत, मुलांना चारचौघांत लाज आणायची नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समित्या नेमायच्या. ‘टॉपर बॅच’चे फलक लावणाऱ्या आपल्या स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांना हा आदेश थेट लागू होतो.

पण चार-पाच हजार मुलांच्या कॉलेजात एक समुपदेशक, तोही आठवड्यातून दोन दिवस अकरा ते एक, तर सकाळच्या बॅचची मुलं तेव्हा गाडीत असतात आणि दुपारच्या बॅचची अजून घरातून निघालेली नसतात. आदेश कागदावर पाळला गेला, मुलाच्या हाती काही लागलं नाही. दोन बॅचेसच्या सांध्याला, म्हणजे सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची येतात त्या तासाभरात, समुपदेशक हजर हवा. खोली दार लावता येईल अशी हवी, जिन्याच्या तोंडाशी किंवा ऑफिसच्या रांगेसमोर नको. आणि समुपदेशक नसेल त्या वेळीही ती खोली उघडी ठेवावी, आत एक खुर्ची, एक चार्जिंग पॉइंट आणि भिंतीवर १४४१६ हा आकडा. हा टेलि-मानसचा क्रमांक. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. घरून ज्या मुलीला हा फोन लावता येत नाही, तिला तो कॉलेजातून लावता यावा. विद्यार्थ्यांच्या आयकार्डाच्या मागच्या बाजूला तो छापायला तर जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

सगळा ताण मुलाच्या मनातच जन्मतो, असं मानून चालणंही अन्यायाचं आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईनं अमलात आणला आणि लाखो विद्यार्थ्यांचे निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढचे प्रवेश, नोकऱ्या, परदेशातल्या जागा टांगणीला लागल्या. त्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या चार महिन्यांत मुलांना जी धास्ती लागली होती, तिच्यावर श्वासाचे व्यायाम हा उपाय नव्हता. वेळेवर निकाल, आधी कळलेलं परीक्षेचं वेळापत्रक, खिडकीवर नीट मिळालेलं उत्तर, हीसुद्धा मानसिक आरोग्याचीच सेवा आहे आणि ती प्रशासनानं द्यायची असते.

आणखीही आधार आहेत, त्यांचा धावता उल्लेख करतो. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोजली जाते. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. कल्याण-डोंबिवलीतली कितीतरी मुलं या तपासणीसाठी सायनच्या पालिका रुग्णालयातल्या एलडी क्लिनिकला जाऊन आली आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. फीचा घोर असेल तर महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून माफ आहे. पैशाची चिंता हलकी झाली, की झोप परत येते, हे समुपदेशक नेहमी सांगतात.

मदतीपर्यंत नेणारा पहिला माणूस बहुधा शिक्षक किंवा पालक नसतो, मित्र असतो. ग्रुपमध्ये कायम बडबड करणारा गप्प झाला, कट्ट्यावर यायचा बंद झाला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, ‘तुम्हाला आता माझा त्रास नाही होणार’ असं काही बोलला, तर थट्टेवारी न्यायचं नाही. सरळ विचारायचं, “जीव द्यावासा वाटतोय का?” असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. ‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ घ्यायची नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. १४४१६ ला दोघांनी मिळून फोन करायचा, धोका तातडीचा वाटला तर १०८ किंवा जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठायची आणि घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं.

तातडी नसेल तर पुढचा टप्पा ओपीडीचा. सरकारी रुग्णालयात ती सकाळची असते, केसपेपरची रांग लवकर लावावी लागते. आधार कार्ड, असतील ते जुने रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची नावं आणि गेल्या पंधरा दिवसांत झोप-भूक कशी होती याच्या चार ओळी सोबत न्याव्यात. यात अख्खी सकाळ जाते, म्हणजे लेक्चरं बुडतात. ७५ टक्के हजेरीच्या धाकानं मुलं दुसऱ्या भेटीला जातच नाहीत आणि उपचार तिथेच तुटतात. म्हणून ओपीडीचा कागद दाखवल्यावर, आजार कोणता हे न विचारता, त्या दिवसाची हजेरी मान्य करायची, असा एका परिच्छेदाचा ठराव ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक कॉलेजनं या सेमिस्टरच्या आत करून नोटीस बोर्डावर लावावा.